मदत हवी आहे: स्टेंट बसवलेले बाबा गोळ्या चुकवतात, त्यांना काय सांगू?

निर्गुडी

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, अर्धवट सांगून सल्ला मागण्यात अर्थ नाही.

माझे बाबा ६८ वर्षांचे. एसटीच्या डेपोत ३१ वर्षं मेकॅनिक होते, आता आईसोबत कऱ्हाडजवळ गावी असतात. मी पुण्यात, दादा बंगळूरला. फेब्रुवारीत बाबांना हार्ट अटॅक आला. वेळेत पोचलो, अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट बसले. तेव्हापासून रोज पाच गोळ्या आहेत: ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून), ॲटोरव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉलची), मेटोप्रोलॉल आणि रामिप्रिल (बीपी आणि हृदयासाठी).

मार्चमध्ये मी सात वारांच्या सात कप्प्यांची डबी आणून दिली, मोबाईलवर गजर लावून दिला. निर्धास्त झाले. परवा गावी गेले तर शनिवारचा कप्पा जसाच्या तसा भरलेला. आई म्हणाली, "शनिवारी उपास असतो ना, उपाशी पोटी गोळ्या नकोत म्हणतात." एकादशीलाही तेच. मी रात्री बसून हिशोब केला. वर्षाचे ५२ शनिवार, २४ एकादश्या, दोन्ही एकाच दिवशी येतात ते वजा केले तरी ७० पेक्षा जास्त दिवस. म्हणजे पाच दिवसांतला एक दिवस कोराच.

मग कपाट उघडलं. ॲटोरव्हास्टॅटिनच्या तीन पट्ट्या न फोडलेल्या. पोटऱ्या दुखतात म्हणून जूनच्या सुरुवातीपासून ती गोळी बंद आहे. कोणीतरी व्हॉट्सॲपवर "कोलेस्टेरॉलच्या गोळीने स्नायू झिजतात" असा मजकूर पाठवला होता, तो त्यांनी जपून ठेवलाय. आणि क्लोपिडोग्रेल ते एक दिवसाआड घेतात. आई डबी भरते, बाबा तिच्या नकळत त्यातली गोळी काढून ठेवतात.

मी चिडले. ते शांतपणे म्हणाले, "गोळ्या घेत होतो तेव्हाही गाडी अशीच चालत होती, आता घेत नाही तरी तशीच चालतेय. काय फरक पडतो ते दाखव, घेतो." मला उत्तर देता आलं नाही. बाबा हेकट नाहीत हो. डेपोत कुठलाही पार्ट तपासल्याशिवाय बदलायचे नाहीत, तसेच ते इथेही वागताहेत.

म्हणून विचारते. या गोळ्यांनी खरंच किती फायदा होतो, हे साध्या आकड्यांत सांगता येईल का? पाय दुखण्याचं काय करायचं? आणि वडिलांना न दुखावता हे कसं हाताळलंत, तेही अनुभवींनी सांगा.

*

कृष्णाकाठ

ताई, बाकी सगळं नंतर. क्लोपिडोग्रेलसाठी आजच हृदयरोगतज्ज्ञांना फोन करा, उद्यावर टाकू नका. माझं २२ वर्षं मेडिकलचं दुकान आहे, म्हणून ठामपणे सांगतो. स्टेंट म्हणजे रक्तवाहिनीत ठेवलेली धातूची जाळी. तिच्यावर आतलं अस्तर धरेपर्यंत तिथे रक्ताची गुठळी व्हायचा धोका असतो, आणि झाली तर ती वाहिनी अचानक बंद होते. म्हणून अटॅकनंतर स्टेंट बसवला की ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही जोडी साधारण वर्षभर चालवतात. कमीजास्त करायचं ते फक्त डॉक्टरांनी. चुकलेल्या गोळ्या भरून काढायला एकदम दोन घेऊ देऊ नका. मेटोप्रोलॉलही कधी अचानक थांबवायची नसते, छातीत दुखणं पुन्हा सुरू होऊ शकतं.

दुसरं, एक दिवसाआड गोळी घेणारा माणूस बहुतेक वेळा विसरभोळा नसतो, तो गोळ्या पुरवून पुरवून वापरत असतो. माझ्या काउंटरवर रोज कोणी ना कोणी म्हणतं, "सगळ्या नकोत, दहाच द्या." पुढच्या महिन्यात परत दहाच. वडिलांची पेन्शन किती, हे तुम्ही लिहिलेलं नाही. एसटीतून निवृत्त झालेल्यांना किती मिळते ते मी जाणून आहे. प्रेमाने विचारा.

पैशांचाच प्रश्न असेल तर डॉक्टरांकडून मूळ औषधांची नावं (कंपनीच्या ब्रँडची नव्हे) लिहून घ्या आणि जनऔषधी केंद्रात दाखवा. या पाचही औषधांची जेनेरिक मिळतात आणि किंमतीत फार मोठा फरक पडतो. बीपीच्या गोळ्यांसाठी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही विचारा. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो राष्ट्रीय उपक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला त्यात आपला सातारा जिल्हा आहे, आणि तिथे एकदम ३० दिवसांच्या गोळ्या द्यायची पद्धत आहे.

*

आकडेमोड

निर्गुडी, औषधांच्या संशोधनातली आकडेवारी तपासणं हे माझं काम आहे. मी डॉक्टर नाही, हे आधी सांगतो.

बाबा एकटे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली यावर अहवाल काढला होता. त्यात म्हटलंय की विकसित देशांतसुद्धा दीर्घ आजारांचे सरासरी निम्मेच रुग्ण औषधं सांगितल्याप्रमाणे घेतात. आणि डबीने काम झालं नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका. अमेरिकेत ५० हजारांहून जास्त लोकांवर कप्प्यांची डबी, झाकणावरचं घड्याळ वगैरे देऊन चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१७ साली आले. नुसत्या त्या वस्तूंनी गोळ्या घेण्यात फरक पडला नाही. विसरणाऱ्याला गजराचा उपयोग होईलही. बाबा विसरत नाहीत, ते विचार करून ठरवतात.

फायद्याच्या आकड्याचं म्हणाल तर मला स्पेन आणि युरोपातल्या आणखी काही देशांत झालेली चाचणी सगळ्यात जवळची वाटते. २०२२ साली प्रसिद्ध झाली. अटॅक येऊन गेलेले सुमारे २५०० रुग्ण. एका गटाला ॲस्पिरिन, रामिप्रिल आणि ॲटोरव्हास्टॅटिन एकाच गोळीत, दुसऱ्या गटाला नेहमीसारखे वेगवेगळ्या गोळ्यांचे उपचार. साधारण तीन वर्षांत हृदयविकाराने मृत्यू, पुन्हा अटॅक, पक्षाघात किंवा तातडीने ब्लॉक उघडावा लागणं, यांतलं काही ना काही दुसऱ्या गटात १२.७ टक्के लोकांना झालं, एका गोळीच्या गटात ९.५ टक्के. म्हणजे शंभरात तीन माणसं यातून वाचली. लक्षात घ्या, दुसरा गट बिनाऔषधाचा नव्हता. घेणं सोपं झालं, लोकांनी ते जास्त नियमित घेतलं, आणि एवढा फरक दिसला. बाबांना सांगा, ही तीन माणसं कोणती ते आधी ओळखता येत नाही आणि ज्याचा अटॅक टळला त्याला तो टळल्याचं कळतही नाही. गाडी तशीच चालतेय असं त्यांना वाटतं ते यामुळे.

एक सावधगिरी मात्र त्यांच्यासारख्या माणसाला सांगायलाच हवी. "गोळ्या नियमित घेणारे जास्त जगतात" एवढ्यावरून गोळीचा गुण सिद्ध होत नाही. १९८० साली कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट या हृदयरुग्णांवरच्या मोठ्या चाचणीचं विश्लेषण आलं. त्यात खोटी गोळी नियमित घेणाऱ्यांत पाच वर्षांत सुमारे १५ टक्के दगावले, तीच खोटी गोळी अनियमित घेणाऱ्यांत सुमारे २८ टक्के. खोट्या गोळीत औषध नव्हतंच! नियमित माणूस इतर बाबतींतही जपून असतो, त्याचा तो परिणाम. म्हणून चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचण्यांवरच भरवसा ठेवायचा. वरची चाचणी तशी आहे.

आता पोटऱ्या. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने २०२० मध्ये ६० लोकांचा अभ्यास मांडला. हे सगळे त्रास होतो म्हणून स्टॅटिन (बाबांची ॲटोरव्हास्टॅटिन याच गटातली) सोडलेले. प्रत्येकाला वर्षभराच्या १२ बाटल्या दिल्या: चारांत स्टॅटिन, चारांत खोट्या गोळ्या, चार रिकाम्या. रोज त्रासाला शंभरपैकी गुण द्यायचे. रिकाम्या महिन्यांत सरासरी ८, खोट्या गोळीवर १५.४, खऱ्या गोळीवर १६.३. म्हणजे त्रास खराच होता, पण त्यातला बहुतेक भाग खोट्या गोळीनेही होत होता. स्वतःचे आकडे पाहिल्यावर निम्म्यांनी गोळी पुन्हा सुरू केली. क्वचित कुणाच्या स्नायूंना स्टॅटिनने खरीखुरी इजा होते, त्यासाठी रक्तात सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारा घटक) तपासतात. तेव्हा दुखणं झटकून टाकू नका.

एकच प्रश्न: जूनपासून गोळी बंद आहे, तर पाय दुखायचे थांबले का?

*

मोरपंखी

माझ्या आईच्या बीपीच्या गोळ्या मी वर्षभर मोजत होते. रोज संध्याकाळी फोन, "घेतलीस का?" ती "हो" म्हणायची. ती गेल्यावर गादीखाली गोळ्या सापडल्या. तेव्हा कळलं की माझ्या प्रश्नाला "हो" शिवाय दुसरं उत्तर द्यायची मी जागाच ठेवली नव्हती. तुमच्या बाबांनी तुमच्या तोंडावर खरं सांगितलं, ही फार मोठी गोष्ट आहे. आता "घेतली का?" विचारू नका. "या आठवड्यात कुठली घ्यावीशी वाटली नाही?" असं विचारा, आणि उत्तर आलं की चिडू नका.

उपासाचं म्हणाल तर डॉक्टरांनाच विचारा की उपासाची भगर किंवा साबुदाणा खाऊन गोळ्या घेतल्या तर चालतील का. बहुतेकांना हे विचारायचं सुचतच नाही, आणि डॉक्टरांना उपास असतो हे माहीत नसतं.

*

निर्गुडी

सगळ्यांचे मनापासून आभार. कृष्णाकाठदादा, तुमचा प्रतिसाद वाचला आणि त्याच क्षणी फोन लावला. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी बोलावलं, ईसीजी आणि इको केला. देवाच्या दयेने सगळं ठीक आहे. क्लोपिडोग्रेल रोज, पुढच्या फेब्रुवारीपर्यंत, मग ते ठरवतील. शनिवारी आणि एकादशीला फराळ करून गोळ्या घ्यायला त्यांनी स्पष्ट होकार दिला. बाबा म्हणाले, "हे मला कुणी सांगितलंच नव्हतं." खरंच नव्हतं सांगितलं. मीही नाही.

आकडेमोड, तुमचा प्रश्न मी बाबांना जसाच्या तसा वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "नाही थांबले. सोयाबीनच्या भांगलणीनंतर जास्तच दुखतात." तिथेच त्यांची शंका निम्मी मिटली. सीपीके नॉर्मल आलं. डॉक्टरांनी कमी डोसने स्टॅटिन पुन्हा सुरू केली आहे, सहा आठवड्यांनी कोलेस्टेरॉल तपासून वाढवायची का ते बघतील. बाबांनी एक वही केलीय: तारीख, किती वेळ शेतात, पाय किती दुखले, दहापैकी आकडा. गाड्यांची नोंद ठेवायचे तशीच, रेघा मारून. ती वही पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवायची आहे.

पैशांबद्दल कृष्णाकाठदादांचा अंदाज खरा निघाला. पेन्शन तीन हजारांच्या आत आणि गोळ्यांना महिन्याला एकवीसशे लागत होते. दादा पैसे पाठवतो, पण त्याने नुकतं घराचं कर्ज काढलंय, म्हणून बाबा त्यातले बाजूला टाकत होते, त्याला परत द्यायला. मी खूप रडले. आता डॉक्टरांनी मूळ नावं लिहून दिली आहेत, सोमवारी कऱ्हाडला जनऔषधीत जाऊन बघते.

एक गोष्ट अजून सुटत नाही. बाबांनी मला शपथ घातली आहे की यातलं काही दादाला कळता कामा नये, तो मनाला लावून घेईल. पण पुढे कधी तातडीने निर्णय घ्यायची वेळ आली तर त्याला निम्मंच माहीत असेल. बाबांचा शब्द मोडू की पाळू? तुमच्यापैकी कुणी अशा पेचातून गेलं असेल तर सांगा.