लाइन फॉलोअर (रेषेमागे चालणारी छोटी रोबो-गाडी): गाडी जमिनीवर ठेवली की आर्डुइनो रीसेट होतो

प्रश्न
वाचनालयाच्या सभागृहात सहावी ते आठवीच्या २४ मुलांसाठी आठ रविवार, रोज दोन तास, रोबोटिक्सचा वर्ग ठरला आहे. तिघातिघांचे आठ गट. प्रत्येक गटाला आर्डुइनो यूनो (प्रोग्राम चालवणारा छोटा बोर्ड, मूळ नव्हे तर क्लोन म्हणजे नक्कल), एल२९८एन ड्रायव्हर (मोटरला करंट पुरवणारं सर्किट), दोन पिवळ्या बीओ मोटर (गिअरच्या छोट्या मोटर), दोन आयआर (इन्फ्रारेड) सेन्सर आणि ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. नमुना गाडीची चाकं हवेत छान फिरतात. जमिनीवर ठेवली की हातभर जाते, बोर्डाचा दिवा मंदावतो आणि प्रोग्राम पहिल्यापासून सुरू होतो. शिवाय घरी रेषा धरणारी गाडी सभागृहात रेषा सोडते. आठ संच मागवायच्या आधी काय बदलू?

उत्तर १
कोडला हात लावू नका, बॅटरी बदला. ती चौकोनी बॅटरी मल्टिमीटरसाठी ठीक. मोटर जागेवरून सुटताना चालत्या मोटरच्या कितीतरी पट करंट ओढते. तेवढा बॅटरीला झेपत नाही, व्होल्टेज कोसळतं आणि बोर्ड रीसेट होतो.

त्यात एल२९८एन स्वतःच साधारण २ व्होल्ट खातो. म्हणून चार रिचार्जेबल एए सेलही (४.८ व्होल्ट) पुरत नाहीत, मोटरला जेमतेम पावणेतीन मिळतात. सहा सेल घ्या: ७.२ व्होल्ट, मोटरला पाचच्या आसपास. आठ गटांना ४८ सेल, वर आठ-दहा जादा. १८६५० लिथियम सेल या वयाच्या हातात देऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. एक सुटी वायर दोन टोकांना टेकली तर सेल तापून पेट घेऊ शकतो.

प्रत्येक मोटरच्या दोन टोकांत १०४ नंबरचा सिरॅमिक कपॅसिटर डाखवा (सोल्डर करा), मोटरच्या आतल्या ब्रशच्या ठिणग्यांचा त्रास कमी होतो. बॅटरी, ड्रायव्हर आणि आर्डुइनो यांचा ग्राउंड (ऋण बाजू) एकच हवा, म्हणजे वायरने जोडलेला. मुलं हीच वायर हमखास विसरतात.

उत्तर २
रेषा सुटते ती बहुधा खिडकीमुळे. उन्हातही इन्फ्रारेड असतंच, त्यामुळे सेन्सरला काळी रेषाही पांढरी भासते. पडदे ओढा, सेन्सर जमिनीपासून ५ ते १० मिलिमीटरवर बसवा आणि सेन्सरवरचा निळा प्रीसेट (संवेदनशीलता जुळवायचा स्क्रू) सभागृहातच फिरवून जुळवा. पांढऱ्यावर सेन्सरच्या मॉड्यूलचा दिवा लागला पाहिजे, काळ्यावर विझला पाहिजे. दोन सेन्सरमधलं अंतर रेषेच्या रुंदीपेक्षा थोडं जास्त ठेवा, म्हणजे रेषा मधून जाईल.

प्रश्नकर्ता
सहा सेलवर गाडी न थांबता चालली, आभार! रेषा स्केचपेनने काढली तर?

उत्तर २
नको. स्केचपेनची काळी शाई डोळ्यांना काळी दिसते, पण अनेकदा इन्फ्रारेड परत फेकते. १८ मिलिमीटरची काळी इन्सुलेशन टेप पांढऱ्या कार्डशीटवर चिकटवा. चकचकीत फ्लेक्स टाळा. वळणावर टेप ताणू नका, दोन-दोन इंचांचे तुकडे जोडत न्या.

उत्तर ३
वर्गाच्या आखणीबद्दल थोडं. पहिल्या रविवारी बोर्ड बाहेर काढूच नका. नुसती मोटर, स्विच, सेल. वायरी उलट्या केल्या की चाक उलटं फिरतं, हे मुलांनी आपल्या हाताने करून बघू दे. पुढे दोन रविवार फक्त सेन्सर आणि दिवा. गाडी चौथ्या रविवारी. वायरिंग, कोड आणि चाचणी ही कामं दर रविवारी आपसात बदला, नाहीतर एकच मुलगा लॅपटॉप धरून बसतो आणि मुलींच्या वाट्याला स्क्रू येतात.

क्लोन बोर्डासाठी सीएच३४० ड्रायव्हर (लॅपटॉपला बोर्ड ओळखू देणारं सॉफ्टवेअर) सगळ्या लॅपटॉपवर आदल्या दिवशी टाका. सेन्सर ० आणि १ नंबरच्या पिनवर नको, अपलोड अडतं. मोटरच्या वेगासाठी ५ आणि ६ नंबरच्या पिन घ्या. पुढे सर्वो (ठराविक कोनात फिरणारी मोटर) जोडलात तर ९ आणि १० वरचं पीडब्ल्यूएम (वेग कमी-जास्त करणारा सिग्नल) बंद पडतं.

जवळच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब (सरकारी योजनेतली शाळेची प्रयोगशाळा) असेल तर मुख्याध्यापकांना भेटा. सोल्डरिंगचं सामान तिथे बहुधा असतं. मोटरचे १६ कपॅसिटर तिथेच एका दुपारी डाखवून होतील.