मॅक्स रिक्टरचा विवाल्दी: ‘फोर सीझन्स’मधली गोष्ट कुठे गेली?

खर्ज (धागाकर्ता)

आजचा संगीतकार मॅक्स रिक्टर यानं अठराव्या शतकातल्या इटालियन विवाल्दीचे ‘फोर सीझन्स’, म्हणजे चार ऋतूंवरचे चार व्हायोलिन कॉन्चेर्टो, नव्यानं लिहिले, त्याची डॉइच ग्रामोफोनची रेकॉर्ड २०१२ साली आली. व्हायोलिन डॅनियल होपचं, साथीला बर्लिनचा कोंत्सर्टहाउस चेंबर ऑर्केस्ट्रा. मूळ संगीतातला सुमारे पाऊण भाग टाकून दिला, असं रिक्टरनं स्वतःच सांगितलं आहे. किती टाकलं यावर माझं भांडण नाही. जे टाकलं ते काय होतं, ते बघू.

१७२५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला हे चार कॉन्चेर्टो (एकटं वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीच्या रचना) छापले गेले, तेव्हा प्रत्येकाला एक सुनीत जोडलेलं होतं. सुनीताच्या ओळी स्वरलिपीत त्या त्या जागी छापलेल्या आहेत, म्हणजे वादकाला आपण या क्षणी काय वाजवतोय हे नेमकं कळतं. ‘स्प्रिंग’च्या संथ भागात गुराखी झोपलाय, व्हायोलिन त्याची झोप वाजवतं आणि खाली व्हायोला सगळा वेळ दोन-दोन सूर जोरात ओढत राहतो. तो त्याचा भुंकणारा कुत्रा! इतक्या सुंदर सुरावटीखाली इतका खरबरीत आवाज ठेवायचं धाडस मला आजही थक्क करतं. ‘विंटर’मध्ये थंडीनं दात वाजतात, मग शेकोटीपाशी बसलेल्या माणसाला बाहेरचा पाऊस ऐकू येतो.

रिक्टरच्या ‘स्प्रिंग’च्या पहिल्या भागात यातलं काय उरलं? पक्ष्यांचं कूजन तेवढं. त्याचे तुकडे एकावर एक रचून फिरवत ठेवलेत आणि खाली लांब कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) सोडल्यात. जगाला पाठ असलेलं ते ध्रुवपद गेलं. ओढा गेला, विजा गेल्या, वादळ सरल्यावर पक्षी पुन्हा गायला लागतात तो क्षणही गेला. वादळच नसेल तर त्या गाण्याला अर्थ काय? मला हे संगीत देखणं वाटतं, पण एकाच मनःस्थितीत अडकलेलं. बरोकचा, म्हणजे विवाल्दीच्या काळातल्या संगीताचा, प्राण विरोधात आहे: एकटा विरुद्ध सगळे, जोर विरुद्ध हळुवारपणा. तोच इथे सपाट झालाय.

गजधारी

असहमत, आणि ठामपणे.

विवाल्दीला हात लावणारा रिक्टर पहिला नाही. विवाल्दीचा चार व्हायोलिनांसाठीचा कॉन्चेर्टो त्याच काळातल्या बाखनं चार हार्प्सिकॉर्डसाठी (पियानोच्या आधीचं, तारा छेडणारं पट्ट्यांचं वाद्य) लिहून काढला, पट्टीही बदलली. फ्रान्समध्ये शेदव्हिल या संगीतकारानं १७३९ मध्ये, म्हणजे विवाल्दी हयात असताना, ‘सीझन्स’ घेऊन चक्क म्युझेटसाठी, पिशवीत हवा भरून वाजवायच्या वाद्यासाठी, मांडणी केली. १७७५ मध्ये रूसोनं (होय, तोच तत्त्वज्ञ) ‘स्प्रिंग’ एकट्या बासरीसाठी उतरवला. एकट्या बासरीवर तुमचा कुत्रा कुठून भुंकणार? त्या काळात दुसऱ्याचं संगीत घेऊन आपलं करणं हीच रीत होती. ‘मूळ कृतीला हात लावू नये’ ही भावना नंतरची आहे.

मी हौशी ऑर्केस्ट्रात दुसरं व्हायोलिन वाजवतो. रिक्टरचा ‘ऑटम’चा पहिला भाग वाजवताना जी गंमत येते ती नुसतं ऐकून कळणार नाही. सूर विवाल्दीचेच, पण मधूनच एखादी मात्रा गाळलेली. हाताला पाठ असलेली ओळ अर्धं पाऊल आधीच वळते. सवयीनं वाजवणारा तिथे हमखास चुकतो, म्हणून प्रत्येक जण पुन्हा कान देऊन वाजवतो. लिफ्टमध्ये आणि फोन होल्डवर ठेवल्यावर ऐकून ऐकून ज्या संगीताकडे लक्ष द्यायचं आपण सोडलं होतं, त्याच्याकडे पुन्हा लक्ष जातं. रिक्टरचा हेतूही तोच होता. लहानपणी आवडलेलं हे संगीत सगळीकडे वाजून वाजून त्याच्यासाठी विटलं होतं, ते त्याला परत मिळवायचं होतं.

सहज_वाचक

मला सुनीतं, कुत्रा वगैरे आजच कळलं. मी रिक्टर ऐकूनच विवाल्दीकडे गेले, उलट्या वाटेनं. माझ्यासारखे बरेच असतील. एवढ्यासाठी तरी रिक्टरचे आभार मानायला हवेत.

उत्तररात्र

दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट सुटतेय. बरोक स्वरलिपी अर्धीच लिहिलेली असते. सगळ्यात खालच्या सुरांच्या ओळीला (बेसला) आकडे असतात, आणि हार्प्सिकॉर्डवाला त्यावरून आयत्या वेळी कॉर्ड भरतो. संथ भागात व्हायोलिनवाल्यानं आपल्या अकलेनं सजावट करायची असते. लिहिलेले सूर हा सांगाडा. ख्याल ऐकणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको: बंदिश चार ओळींची, गाणं तासाभराचं.

आता रिक्टर काय करतो बघा. ‘ऑटम’च्या मधल्या भागात विवाल्दीच्या स्वरलिपीत दारू पिऊन झोपलेली माणसं आहेत, वर तंतुवाद्यांचे लांब सूर, आणि बाकी सगळं हार्प्सिकॉर्डवाल्यावर सोडलेलं. अख्ख्या ‘सीझन्स’मध्ये त्याच्या कल्पनेला इतकी मोकळी जागा दुसरी नाही. रिक्टरनं तिथे त्याला एकसारखे, समान लांबीचे सूर वाजवायला लावले, सत्तरच्या दशकातल्या पॉप रेकॉर्डवर हार्प्सिकॉर्ड जसा वाजतो तसे. ऐकायला गोड आहे, पण वादकाचा निर्णय संगीतकारानं काढून घेतला. गजधारी, बाख-रूसोचा दाखला इथे लागू पडत नाही. ते बदल करणारे वादकाची मोकळीक गृहीत धरून लिहीत होते.

खर्ज

उत्तररात्र, पटलं.

गजधारी, दुसऱ्याचं घेऊ नये असं मी कुठे म्हटलं? घ्यावंच. १९२० च्या ‘पुल्चिनेला’ या बॅलेत स्ट्राविन्स्कीनं अठराव्या शतकातल्या पेर्गोलेसीचं म्हणून जे संगीत घेतलं (त्यातलं बरंचसं पेर्गोलेसीचं नव्हतंच, हे पुढे कळलं), त्याची चाल आणि बेस बहुतांशी राखून मधले स्वर असे खुपसले की दोन शतकं एकमेकांना घासतात. श्निट्केच्या १९७७ च्या पहिल्या कॉन्चेर्टो ग्रोस्सोत (हा बरोक काळातला रचनाप्रकार) हार्प्सिकॉर्डवर मध्येच टँगो उगवतो आणि अंगावर येतो. कॅरोलाइन शॉच्या ‘पार्टिटा’ला २०१३ चा पुलित्झर मिळाला, तिनं आलमांद, साराबांद, पासाकालिया ही जुन्या नाचांची नावं घेतली आणि आठ गळ्यांतून पार वेगळं काहीतरी उभं केलं. या तिघांच्या संगीतात जुन्याशी झटापट ऐकू येते. रिक्टरमध्ये मला ती ऐकू येत नाही.

गजधारी

उत्तररात्र, हार्प्सिकॉर्डबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण २०२२ ची दुसरी आवृत्ती ऐकलीत का? तीच स्वरलिपी, या वेळी व्हायोलिनवर एलेना उरिओस्ते आणि साथीला चिनेके ऑर्केस्ट्रा, जुन्या घडणीची वाद्यं आणि आतड्याच्या तारा. पहिल्या रेकॉर्डमधला गुळगुळीतपणा तिथे नाही. आतड्याची तार खरखरते, सूर धातूच्या तारेसारखा चकाकत नाही, आणि तेच लूप श्वास घेतल्यासारखे वाटतात. जो सपाटपणा तुम्ही रिक्टरच्या माथी मारताय, त्यातला निम्मा पहिल्या ध्वनिमुद्रणाचा आहे.

आणि खर्ज, झटापट हवी ना? ‘विंटर’चा पहिला भाग घ्या. विवाल्दीचा चार मात्रांचा ताल रिक्टरनं साडेतीन मात्रांवर आणलाय, दर आवर्तनात अर्धी मात्रा कमी. सुनीतातला माणूस थंडीनं पाय आपटतो, पुढे बर्फावरून चालताना घसरून पडतो. या तालात वादकाचा पाय ठरतच नाही. गोष्ट इथे आहे, तालात शिरलेली आहे.

खर्ज

‘विंटर’चा पहिला भाग तुमचा. पण त्याच्या पुढचा? व्हायोलिनची ती शेकोटीची चाल रिक्टरनं जवळपास जशीच्या तशी ठेवली आणि खालचा पिझिकाटो (बोटानं तारा छेडून काढलेले टपटप सूर) काढला. म्हणजे पाऊस काढला. बाहेर लोक भिजतायत म्हणून आतल्या उबेला किंमत, हा त्या ओळीचा सगळा जीव आहे.

गजधारी

पाऊस गेला, खरं आहे. त्याच्या जागी तंतुवाद्यांचे अगदी वरचे, पातळ हार्मोनिक्स (तारेला बोट हलकंच टेकवून काढलेले सूर) आलेत, जवळजवळ न हलणारे. मला त्यात ऊब ऐकूच येत नाही. विवाल्दीनं त्या माणसाला घरात बसवलं होतं, रिक्टरनं त्याला उघड्यावर नेलंय, आणि ती जुनी चाल त्याला आठवतेय. मी गोष्ट बदलली असं म्हणेन, गेली असं नाही.

उत्तररात्र

मग व्हायोलिनवाल्यानं त्या चालीत काय सजावट करायची? घरात बसलेल्या माणसाची की उघड्यावरच्या? होप आणि उरिओस्ते दोघांचं तेवढं एकच पान लागोपाठ ऐका. माझ्या मते दोघांनीही गरजेपेक्षा फार कमी बोलून ते सोडलंय, आणि त्याचा दोष मी अजूनही रिक्टरलाच देईन.