मदत हवी आहे: गतिमानने एका दिवसात ताजमहाल, 'लक्झरी' सहल घ्यावी की स्वतः जुळवावं?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सहाजण दिल्लीत असू. आई-बाबा (दोघंही सत्तरीपुढचे, आईला गुडघेदुखी), मी, अमेरिकेहून येणारे ताई-भावोजी आणि त्यांची बारा वर्षांची मुलगी. ताई-भावोजींकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) आहे, भाचीकडे फक्त अमेरिकी पासपोर्ट.

सकाळी गतिमान एक्स्प्रेसने आग्र्याला जायचं, ताज आणि किल्ला बघायचा आणि रात्री परत, असा बेत आहे. एका सहल कंपनीने 'लक्झरी डे टूर' म्हणून पॅकेज दिलंय: गाडीचं तिकीट, वातानुकूलित मोटार, गाईड, पंचतारांकित हॉटेलात जेवण. प्रश्न असे:

१. पॅकेजमध्ये नेमकं काय तपासून घ्यावं?
२. धुक्यात गाडी रखडली तर काय करायचं?
३. आईला कितपत चालावं लागेल?
४. प्रवेशशुल्क कोणाला किती?

---

रूळमित्र

आधी गाडीचं सांगतो, कारण बाकी सगळा दिवस तिच्यावरच टांगलेला आहे.

१२०५० गतिमान हजरत निजामुद्दीनहून सकाळी ८.१० ला सुटते आणि १८८ किमी अंतर १०० मिनिटांत कापून ९.५० ला आग्रा कॅन्टला पोचते. नवी दिल्ली स्टेशनवरून नाही, निजामुद्दीनहून. ही गफलत पुष्कळांची होते, म्हणून हॉटेल ठरवतानाच ध्यानात ठेवा. मेट्रोने यायचं तर पिंक लाइनवर सराय काले खान-निजामुद्दीन. परतीची १२०४९ झाशीहून येते, आग्र्याहून संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास निघते आणि साडेसातच्या आसपास निजामुद्दीनला आणते. शुक्रवारी गतिमान धावत नाही, कारण त्या दिवशी ताज पर्यटकांना बंद असतो.

वर्ग दोनच: चेअर कार (एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन खुर्च्या) आणि एक्झिक्युटिव्ह (दोन-दोन). एक्झिक्युटिव्हचं भाडं साधारण दुप्पट. पाय लांब करायला जागा जास्त मिळते, एवढाच खरा फरक. पावणेदोन तासांसाठी आई-बाबांना तिथे बसवा, बाकीच्यांना चेअर कार पुरे. मात्र एका पीएनआरवर दोन वर्ग येत नाहीत, डबेही वेगळे पडतात. सोबतीला एकाने आई-बाबांबरोबर त्याच डब्यात बसायला हवं.

आता धुकं. लोको पायलटला सिग्नल दिसेनासा झाला की गाडी १६० ने पळवता येत नाही. दाट धुक्यात फॉग सेफ डिव्हाइस असलं तरी वेग ताशी ७५ किमीवर आणतात. म्हणजे तुमचे १०० मिनिटांचे सरळ अडीच तास होतात, शिवाय पुढे अडकलेल्या गाड्यांचा उशीर वेगळा. जानेवारीत आग्र्याला अकरापर्यंत पोचू असं धरूनच दिवस आखा. निजामुद्दीनहून सुटायलाच तीन तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल आणि जायचं रद्द केलंत, तर पूर्ण परतावा मिळतो. मात्र गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी टीडीआर (परताव्यासाठीचा अर्ज) भरावा लागतो. तिकीट एजंटच्या खात्यातून काढलं असेल तर टीडीआरही त्याच्याच खात्यातून जातो. सकाळी आठला त्याचा फोन लागला नाही तर काय, हे आत्ताच विचारून ठेवा.

प्रतीक्षा यादीतलं ई-तिकीट चार्ट लागताना कन्फर्म झालं नाही तर आपोआप रद्द होतं. त्यावर चढता येत नाही. 'तत्काळमध्ये काढून देतो' यावरही विसंबू नका. तत्काळला आता आधार पडताळणी लागते, आणि वातानुकूलित वर्गाची तत्काळ खिडकी दहाला उघडली की पहिला अर्धा तास एजंटांना बंद असते. गतिमानसारख्या गाडीत अर्ध्या तासाने काय उरणार?

---

टाइमटेबल

रूळमित्रांच्या प्रतिसादाला पुरवणी. जास्त वेळ हवा असणाऱ्यांसाठी नवी दिल्लीहून सकाळी ६ ची १२००२ शताब्दी आहे. ती आठच्या आत आग्र्याला सोडते, पण परतीची शताब्दी रात्री नऊनंतर येते आणि दिल्ली गाठेपर्यंत मध्यरात्र होते. सत्तरीपुढच्या माणसांना थंडीत हे नको.

आणखी एक: पॅलेस ऑन व्हील्स किंवा महाराजा एक्स्प्रेस या नावांनी कोणी एका दिवसाची सहल विकत असेल तर चौकशी करा. या अनेक दिवसांच्या गाड्या आहेत, आग्रा त्यांचा एक मुक्काम असतो.

---

दगडफूल

पॅकेजबद्दल. यात तुम्ही पैसे मोजता ते ९.५० ते ५.४५ या आठ तासांसाठी. गाडीचं तिकीट आणि हॉटेलचं जेवण तुम्ही स्वतःही घेऊ शकता. गाईड आणि मोटारवाला मात्र कंपनीच्या हातात असतात, आणि दिवस बिघडतो तो तिथेच. त्यामुळे पुढचं सगळं लेखी मागा, व्हॉट्सॲपवर चालेल:

– रेल्वेचा वर्ग आणि बुकिंग होताच पीएनआर. तो स्वतः तपासा.
– ताजच्या तिकिटात मुख्य मकबऱ्याचे २०० रुपये धरले आहेत का? 'प्रवेशशुल्क समाविष्ट' लिहून फक्त ५० रुपयांचं तिकीट हातात देतात आणि मग चबुतऱ्याखाली वाद होतो.
– गाईडकडे पर्यटन मंत्रालयाचं किंवा उत्तर प्रदेश पर्यटनाचं ओळखपत्र आहे का, आणि ताज व किल्ला दोन्हीकडे तोच असेल का.
– वाटेत कोणत्याही दुकानात थांबा नाही, हे स्पष्ट शब्दांत.

शेवटचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा. 'शाहजहानच्या कारागिरांचे वंशज पच्चीकारी (संगमरवरात रंगीत दगड बसवण्याचं काम) कशी करतात ते दाखवतो' म्हणत संगमरवराच्या दुकानात नेतात आणि तिथे पाऊण तास सहज जातो. तेवढा वेळ किल्ल्यातून वजा होतो, कारण गाडी काही थांबत नाही. गाईड-ड्रायव्हरला तिथे दलाली असते, म्हणून आयत्या वेळी नाही म्हणणं अवघड होतं. आधीच लिहून घेतलं की बोलता येतं.

'मोटार थेट गेटपर्यंत' असं कोणी म्हणालं तर समजा त्याला ठिकाण माहीत नाही. ताजभोवती ५०० मीटरच्या आत पेट्रोल-डिझेलची वाहनं जात नाहीत. पूर्व दरवाजासाठी मोटार शिल्पग्रामच्या वाहनतळावर थांबते. तिथून साधारण किलोमीटरभर बॅटरीवरच्या गाडीने जायचं. दक्षिण दरवाजातून प्रवेश नाही.

ताजचं शुल्क: भारतीयांना ५० + मकबरा २००, म्हणजे २५०. इतर परदेशींना ११०० + २००. ओसीआय कार्डधारकांना भारतीयांचाच दर, पण मूळ कार्ड जवळ हवं. १५ वर्षांखालील मुलांना शुल्क नाही, मग पासपोर्ट कुठलाही असो. म्हणजे तुमचे पाचजणांचे १२५० झाले. कार्डं दिल्लीच्या हॉटेलात राहिली तर हाच आकडा ३३५० होईल. तिकिटं पुरातत्त्व खात्याच्या संकेतस्थळावरून आधीच काढा. प्रवेशानंतर तीन तास आत राहता येतं.

---

यमुनातीर

आईंच्या चालण्याबद्दल. बॅटरीची गाडी गेटजवळ सोडते. पुढे सुरक्षा तपासणी (स्त्री-पुरुषांच्या रांगा वेगळ्या, पुन्हा कुठे भेटायचं ते आधीच ठरवा), मग चौक, मग लाल दगडाचा मोठा दरवाजा. तिथून मकबऱ्यापर्यंत चारबाग (चार भागांत आखलेली बाग) आहे, सुमारे ३०० मीटर. जाऊन-येऊन आणि आतलं फिरणं धरलं तर दीड-दोन किलोमीटर सहज होतात. व्हीलचेअर गेटवर मिळते, गाईडला आल्या आल्या तीच आधी घ्यायला सांगा.

चबुतऱ्याच्या पायऱ्या मात्र चढाव्या लागतात. आत गर्दी असते, अंधूक असतं, लोक पुढे ढकलत नेतात. आईंना नको वाटलं तर बागेच्या मधोमध संगमरवरी हौद आहे, तिथे बाकावर बसू द्या. खरं सांगायचं तर ताज तिथूनच पुरता दिसतो. तसं ठरलं तर त्यांचं २०० चं जादा तिकीट काढूच नका.

खाण्याचे पदार्थ, तंबाखू, काडेपेटी, चाकू, ट्रायपॉड, हेडफोन, मोबाइलचा चार्जर आत चालत नाही. गोळ्या-चॉकलेटंसुद्धा काढून घेतात. मधुमेह असेल तर औषधं चिठ्ठीसकट वेगळ्या पाकिटात ठेवा आणि खाणं तपासणीआधी आटोपा. एकाच्या पिशवीत चार्जर निघाला की सगळी पलटण लॉकरपर्यंत मागे जाते, वीस मिनिटं गेली. पर्स आणि मोबाइल एवढंच घेऊन उतरा, बाकी मोटारीत.

---

पाऊलवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. ओसीआयचं आम्हाला अजिबात ठाऊक नव्हतं. आता क्रमाबद्दल: कंपनी आधी ताज, मग जेवण, मग किल्ला असं म्हणतेय. बरोबर आहे का? आणि बाबांची एकच मागणी आहे, शिवाजी महाराजांना जिथे ठेवलं होतं ती जागा बघायची.

---

दगडफूल

एरवी ताज आधी हेच बरोबर. जानेवारीत मात्र मी उलट करेन. दहा-साडेदहाला धुकं असेल तर बागेतून घुमट नुसता राखाडी डाग दिसतो. त्या वेळात किल्ला बघा. तो जवळून बघायचा असतो, धुक्याने फारसं बिघडत नाही. साडेबाराला जेवण, दीडला ताज. दुपारचं ऊन पश्चिमेकडून कलतं आलं की संगमरवरावरचं कोरीव काम उठून दिसतं, आणि फरशीही गार नसते.

---

रूळमित्र

दगडफूल, प्रकाशाचं पटलं, पण यात धोका आहे. ताजची रांग किती लागेल हे कोणाच्या हातात नसतं, आणि दुपारी ती वाढते. तसं करायचंच तर दीडला तपासणीच्या रांगेत उभं असायला हवं आणि चारला बाहेर. शिल्पग्रामहून कॅन्ट स्टेशन सहा-सात किमी, पण संध्याकाळी पाऊण तास धरा. शनिवार-रविवार असेल तर मी तरी ताजच आधी ठेवेन.

---

दगडफूल

मान्य. आठवड्याच्या मधला दिवस असेल तरच माझा क्रम. आणि अकरानंतर पोचलात तर दोन्ही ठिकाणं पूर्ण बघायचा हट्ट नको. किल्ला तासाभरात आटोपा आणि हॉटेलातलं बुफे सोडून द्या. त्यात सव्वा तास जातो. पॅकेजमध्ये जेवणाऐवजी बांधून मिळेल का विचारा.

---

यमुनातीर

बाबांच्या प्रश्नाला थोडं सविस्तर लिहितो, कारण गाईड इथे हमखास चुकीचं सांगतात.

महाराज १२ मे १६६६ ला औरंगजेबाच्या दरबारात गेले तो दरबार आग्र्याच्या किल्ल्यातला. पण नजरकैद किल्ल्यात नव्हती. मिर्झाराजे जयसिंगांचा मुलगा रामसिंग याच्या देखरेखीखाली, त्याच्या तळाजवळ, किल्ल्याबाहेर महाराजांना ठेवलं होतं. तिथूनच १७ ऑगस्टला ते निसटले. एखादी कोठडी दाखवून 'ही शिवाजीची' असं कोणी म्हणालं तर पुढे चला. मूळ वास्तू दाखवता येईल अशी उरलेली नाही. महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये आग्र्यात स्मारक उभारण्याची घोषणा केली आहे.

बाबांना तीन गोष्टी दाखवा. अमरसिंग दरवाजासमोरचा महाराजांचा अश्वारूढ पुतळा, तिकिटाआधीच दिसतो. आत दिवाण-ए-आम, म्हणजे जाहीर दरबाराची जागा. आणि दिवाण-ए-खासजवळचा (खाजगी दरबाराच्या जागेजवळचा) मुसम्मन बुरूज, जिथून नदीच्या वळणापलीकडे ताज दिसतो. १६५८ पासून कैदेत असलेला शाहजहान याच भागात राहत होता आणि १६६६ च्या सुरुवातीला तो वारला. म्हणजे महाराज आग्र्याला आले तेव्हा त्याला जाऊन जेमतेम काही महिने झाले होते. बुरुजाशी उभं राहून हे सांगितलं की बाबांना त्या वर्षाचा ताण कळेल. बराचसा किल्ला लष्कराकडे आहे. उघडा भाग बघायला दीड तास पुरतो. अमरसिंग दरवाजातून आत जाताना दगडी चढ आहे, आईंना तिथे हात द्या.

गाईड चांगला आहे की नाही ते ताजच्या दरवाजापाशीच कळतं. कारागिरांचे हात तोडल्याची गोष्ट सांगू लागला तर तिला कसलाही पुरावा नाही. त्याऐवजी त्याला कमानीभोवतीची अक्षरं दाखवायला सांगा. अमानत खानाने लिहिलेल्या त्या ओळी वर जाताना मोठ्या होत जातात, म्हणून खालून एकसारख्या दिसतात. मग मनोरे: चारही किंचित बाहेर कललेले आहेत. मकबऱ्यात शाहजहानची कबर मुमताजच्या बाजूला, मध्यापासून सरकलेली दिसेल. मूळ कबरी तळघरात आहेत, वरच्या नुसत्या प्रतिकृती. जाळीवरच्या फुलांपाशी दोन मिनिटं थांबा. एकेका पाकळीत रंगाच्या छटा वेगळ्या दगडांच्या तुकड्यांनी साधल्या आहेत आणि सांधा नखालाही लागत नाही. आत फोटो काढायचे नाहीत, त्यामुळे हे डोळ्यांनीच बघायचं.

---

पाऊलवाट

बुधवार ठरवला. कंपनीला दुकानाचा थांबा काढून मकबऱ्याचं तिकीट धरायला लिहिलं, त्यांनी होकार कळवलाय. आई-बाबा आणि मी एक्झिक्युटिव्हमध्ये, ताईकडचे तिघं चेअर कारमध्ये. तिकिटं मात्र मीच माझ्या खात्यातून काढतेय, टीडीआरचं वाचल्यावर. परतीची गाडी धुक्यात सापडली तर?

---

रूळमित्र

परतीची गाडी दुपारी झाशीहून निघते, तेव्हा धुकं बहुतेक निवळलेलं असतं. तरी चारच्या सुमारास ती झाशीहून वेळेवर सुटली का ते ॲपवर पाहा. फारच उशीर दिसला तर तीच मोटार यमुना एक्स्प्रेसवेने दिल्लीपर्यंत किती पैशांत सोडेल, हा दर आजच कंपनीकडून लिहून घ्या. हिवाळ्यात त्या रस्त्यावर वेगमर्यादा कमी केलेली असते आणि रात्री धुकं उतरतं, तेव्हा निघायचं तर उजेडातच निघा. सहानंतर मोटारीपेक्षा स्टेशनवर गाडीची वाट बघणं बरं.