मदत हवी आहे: लहानपणीच्या भीतीचा आजच्या बीपीशी संबंध असतो का?

नमस्कार मंडळी. मी चोपडा तालुक्यातला, वय ४१, नोकरीला जळगावात. दोन वर्षांपासून बीपीची गोळी चालू आहे. पोट सतत बिघडलेलं, रात्री दोन-अडीचला हमखास जाग. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणतात, टेन्शन घेऊ नका.

आजवर कुणाला बोललो नाही ते लिहितो. वडील दारू प्यायचे. दिवाळीनंतर पुढच्या खोलीत वेचलेला कापूस पार आढ्यापर्यंत भरलेला असायचा. रात्री दाराची कडी वाजली की मी आणि बहीण त्या ढिगात घुसायचो. नाकातोंडात कापूस, आणि बाहेर मायला मारल्याचा आवाज. वडील जाऊन नऊ वर्षं झाली. तरी शेजारी कुणी कडी वाजवली की माझे हात गार पडतात.

मायजवळ विषय काढला तर म्हणते, "जे व्हयनं ते व्हयनं, आते कसाले उकरस?" तिला दुखवायचं नाही मला. पण हे डॉक्टरांना सांगावं का? सांगू कसं? आत दोन मिनिटं मिळतात, बाहेर रांग असते.

प्रतिसाद १
भाऊ, जरूर सांगा. मी धुळ्याला समुपदेशन करते. अमेरिकेत फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांनी १९९८ मध्ये मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. घरातली मारहाण, व्यसन असे अनुभव जितके जास्त, तितका मोठेपणी नैराश्याचा आणि हृदयविकाराचा धोका जास्त, असं त्यात दिसलं. सतत धास्तीत वाढलेल्या मुलाचं शरीर सावधच राहायला शिकतं. धोका टळला तरी ते सैल पडत नाही. पण हा हिशोब समूहाचा आहे. तुमचं बीपी त्यामुळेच वाढलं, असं त्यावरून ठरवता येत नाही. म्हणून गोळी बंद करू नका.

चिठ्ठीवर चारच ओळी लिहून न्या: घरात मारहाण होती, झोपमोड होते, कडीच्या आवाजाने धडधडतं, मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा. तोवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मायला आत्ताच विचारायची गरज नाही. तिनेही तेच सोसलंय.

धागाकर्ता
ताई, आभार. चिठ्ठी लिहिली, चार ओळींना तास लागला. बहिणीला फोनवर वाचून दाखवली. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, सोमवारी मीही येते.