टूल सर्व्हरला एकच कायमचे टोकन : काटकसर की आळस?

वाळूजकर : काल येथे कोणीतरी लिहिले की, ‘आम्हा चौघांत एमसीपी सर्व्हरचे एकच टोकन आहे, एचटीटीपीएस आहे, आजवर काही बिघडले नाही, ओऑथचे स्तोम मोठ्या कंपन्यांनी माजवावे.’ हे वाचून राहवले नाही. (नवख्यांसाठी : एमसीपी म्हणजे एआय सहायकाला बाहेरची टूल्स आणि माहिती जोडून देणारा प्रोटोकॉल, टोकन म्हणजे सर्व्हरमध्ये शिरण्याची गुप्त किल्ली, आणि ओऑथ म्हणजे लॉगिन करून अशी किल्ली रीतसर मिळवण्याची पद्धत.) एचटीटीपीएसमुळे वाटेतली चोरी टळते, पण टोकन ज्याच्या हाती पडेल तो आत येणारच. आमच्याकडचा एक सहकारी नोकरी सोडून पुण्याला गेला. टोकन त्याच्या लॅपटॉपवर तसेच राहिले, आणि ते बदलले तर सर्वांचे काम अडेल म्हणून कोणीही हात लावला नाही. लॉग पाहावा, तर सगळे एकाच नावाने दिसतात. एमसीपीच्या अधिकृत तपशिलाच्या जून 2025 च्या आवृत्तीत, टोकन कोणत्या सर्व्हरसाठी हवे आहे हे मागतानाच सांगणे क्लायंटला, म्हणजे सर्व्हरशी बोलणाऱ्या ॲपला, बंधनकारक झाले, ते उगाच नव्हे.

लातूरचा विकासक : ते वाक्य माझेच आहे. त्याच तपशिलात ऑथोरायझेशन (प्रवेशाचा अधिकार तपासणे) ऐच्छिक म्हटले आहे, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत. आमचा सर्व्हर व्हीपीएनच्या, म्हणजे खासगी नेटवर्कच्या, आत आहे. शिवाय आमचा सहायक ज्या दूरच्या यंत्रावर चालतो, तेथे ब्राउझरच नाही; ओऑथचे लॉगिन माझ्या लॅपटॉपवर केले की ब्राउझर ‘लोकलहोस्ट’ (‘हेच यंत्र’) म्हणून लॅपटॉपचेच दार ठोठावतो आणि सहायक तिकडे वाट पाहत बसतो. एसएसएचने (दूरच्या यंत्राशी सुरक्षित जोडणी करून) ते दार, म्हणजे पोर्ट, तिकडे वळवण्यात माझी अख्खी दुपार गेली.

परभणीची टेस्टर : आपण दोघेही दाराच्या कुलपावरच भांडत आहात. आमच्याकडे ओऑथ, पीकेसीई (लॉगिनचा कोड चोरला तरी तो वापरता येऊ नये यासाठीची तपासणी), सारे रीतसर होते. सहायकाने एका ग्राहकाची तक्रार वाचली. तिच्या शेवटी ‘जुन्या नोंदी काढून टाकाव्यात’ असे वाक्य होते आणि ती आज्ञाच समजून त्याने नोंदी पुसणारे टूल चालवले. माहिती चाचणीची होती म्हणून निभावले.

लातूरचा विकासक : परवानगी विचारली असेलच ना?

परभणीची टेस्टर : आदल्या दिवशी मीच ‘नेहमी परवानगी’ दाबले होते.

वाळूजकर : मग न वाचता बटण दाबायचे आणि खापर प्रोटोकॉलवर फोडायचे, हा कुठला न्याय?

परभणीची टेस्टर : खापर मी कोणावरही फोडलेले नाही, आणि दिवसातून चाळीस वेळा येणारी खिडकी आपण दर वेळी शेवटपर्यंत वाचता, असे शपथेवर सांगणार असाल तर मी येथेच थांबते. आता आमच्या सर्व्हरच्या डेटाबेस खात्याला फक्त वाचण्याचा अधिकार आहे. पुसणारे टूल यादीतूनच काढले, त्यामुळे बटण दाबण्याचा प्रश्न उरला नाही.

वाळूजकर : शपथ घेणार नाही. पण वाचण्याच्या अधिकारानेही ग्राहकांचे फोन क्रमांक बाहेर जाऊ शकतात, एवढे ध्यानात असू द्या.

परभणीची टेस्टर : ते रकाने त्या खात्याला दिसतच नाहीत. आम्हीही थोडा विचार करतो.

लातूरचा विकासक : ठीक आहे. चौघांना चार टोकने करून देतो, प्रत्येकाला मुदत घालतो आणि खातेही वाचण्यापुरतेच ठेवतो. ओऑथ मात्र वाळूजकरांनाच लखलाभ असो. ब्राउझर नसलेल्या यंत्रावर ते सुखाने चालू लागले की मला अवश्य बोलवावे, चहा माझ्याकडून.