कार्डांमुळे बोलणं मागे पडत नाही
बोलायला अडचण असलेल्या मुलाला मनातलं सांगण्यासाठी चित्रांची कार्डं दिली की ते बोलायचा कंटाळा करेल, ही भीती पालकसभेत हमखास ऐकते. तसं होत नाही. १९८५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या 'पेक्स' या, चित्राचं कार्ड देऊन हवं ते सांगायला शिकवणाऱ्या पद्धतीच्या अभ्यासांत बोलणं घटल्याचं दिसलेलं नाही. काही मुलं तर कार्ड देता देताच शब्द काढायला लागतात.

खरी गोम वेगळीच आहे. पाणी, खाऊ, बॉल अशी मागायचीच कार्डं सगळे करतात, 'नको'चं कुणी करतच नाही. माझ्या वर्गातला एकजण रंगकाम आलं की टेबल ढकलायचा. वेल्क्रोवर 'नको' चिकटवलं, तर पठ्ठ्या सुरुवातीला उठसूट तेच दाखवायचा! त्याच्या आईला म्हटलं, वैतागू नका, दाखवेल तेव्हा खरंच थांबा. ढकलाढकली हळूहळू कमी झाली. आणि कार्डं घरीही हवीत, शाळेच्या कपाटात ठेवून काय उपयोग?