हुद्दा दुरुस्तीचा अर्ज: आधी चूक कुठल्या कागदात आहे ते बघा
(ऑनलाइन चर्चेचा धागा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

खंदक
एक पोस्ट दोन दिवस फिरतेय. एका माजी सैनिकाने लिहिलंय: ‘मी नायब सुभेदार, पण डिस्चार्ज बुकात हवालदार. रेकॉर्ड ऑफिस मुद्दाम दुरुस्त करत नाही. कुणी अर्जाच्या नादी लागू नका, सरळ ट्रिब्युनल (सशस्त्र दल न्यायाधिकरण) गाठा.’ खाली नुसता ‘जय हिंद’चा पाऊस. एकानेही विचारलं नाही की नायब सुभेदार म्हणजे कुठला? पदोन्नतीने झालेला, ऑनररी (मानद), की एमएसीपीवाला (हुद्दा तोच, पगाराचा स्तर वरचा)?

पदोन्नतीचा असेल तर जीव पार्ट टू ऑर्डरमध्ये (बढतीची नोंद करणारा युनिटचा आदेश) असतो. डिस्चार्ज बुक ही त्यावरून केलेली नोंद. शेवटच्या काही महिन्यांत बढती झाली की हमखास घोळ होतो: पेन्शनचे कागद आधीच पुढे गेलेले असतात, पार्ट टू मागाहून निघते आणि पेन्शनच्या डेटा शीटवर जुनाच हुद्दा राहतो. शीट रोल (सेवेची मूळ नोंद) बरोबर आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) चुकीचा असेल तर करिजेंडम, म्हणजे दुरुस्तीचा पीपीओ मागायचा. शीट रोलच चुकीचा असेल तर आधी तो दुरुस्त झाला पाहिजे, मग पीपीओ. हे दोन वेगळे अर्ज आहेत. एकात कोंबले की दोन्ही लटकतात.

ऑनररी असेल तर मुळात चूकच नाही. हवालदाराला ऑनररी नायब सुभेदार हा मान निवृत्तीनंतर, 26 जानेवारी किंवा 15 ऑगस्टच्या यादीत मिळतो. घरी गेला त्या दिवशी तो हवालदारच होता, तेच बुकात लिहिलंय. ते कुणी खोडणार नाही.

बिनपगारी वकील
वा. म्हणजे पंच्याहत्तरीच्या माणसाने आधी कारकुनी शिकायची. पार्ट टू काढायची कुणी होती? युनिटच्या ऑफिसने. ती रेकॉर्डला पोचली का, हे बघायचं कुणी होतं? पुन्हा ऑफिसनेच. चूक त्यांची आणि पुरावा मात्र जवानाने आणायचा! वर विनापेन्शन गेलेल्यांचे कागद 25 वर्षांनी नष्ट करतात. म्हणजे कागद जाळायचा आणि मग कागद दाखव म्हणायचं.

खंदक
25 वर्षांचा नियम विनापेन्शनवाल्यांचा, हे तुम्हीच लिहिलंत. आपला माणूस पेन्शनर आहे. त्याचा कागद अजून आहे, मागितला तर मिळतो.

कागदपत्रे
भांडण चालू द्या, मी पद्धत सांगतो.

आरटीआयने शीट रोलची साक्षांकित प्रत, प्रत्येक बढतीच्या पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक व तारीख आणि एलपीसी-कम-डेटा शीटची (शेवटच्या पगाराचा दाखला आणि पेन्शनची माहिती) प्रत मागा. फी 10 रुपये, प्रत पानाला 2 रुपये, उत्तर 30 दिवसांत. ‘मला हुद्दा का दिला नाही?’ असं विचारू नका. आरटीआयमध्ये कागद मागायचा असतो, जाब नाही. अर्ज चुकीच्या दारात गेला तर कलम 6(3) खाली त्यांनीच 5 दिवसांत योग्य जागी पाठवायचा असतो.

कागद हातात आल्यावर अर्ज आपापल्या रेकॉर्ड ऑफिसला. मराठा लाइट इन्फंट्री बेळगाव, महार सागर, बॉम्बे सॅपर्स खडकी, तोफखाना नाशिक रोड कॅम्प. नौदलवाल्यांनी मुंबईत मानखुर्दला चीता कॅम्प. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पत्र जोडून घेतलं तर चांगलंच, पण दुरुस्तीचा अधिकार त्यांना नाही. तिथे खेटे घालून वर्ष घालवणारे बरेच आहेत.

आणि हे कुणीच लिहीत नाही: नायब सुभेदार झाल्यावर नंबर बदलतो, जेसीओंचा (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर) जेसी नंबर मिळतो. अर्जावर फक्त जुना शिपाई नंबर टाकला की हवालदारापर्यंतचीच नोंद सापडते आणि उत्तर येतं, ‘रेकॉर्डप्रमाणे आपण हवालदार’. दोन्ही नंबर टाका, शेवटच्या अक्षरासकट.

बिनपगारी वकील
नंबरचा मुद्दा मान्य. पण एवढी अक्कल रेकॉर्डच्या कारकुनालाही असायला हवी, नाही का?

लेव्हल सहा
तिसऱ्या प्रकाराला सगळे हसून पुढे जातायत. 8, 16, 24 वर्षांच्या एमएसीपीत ज्याला नायब सुभेदाराचा स्तर मिळाला, तो 35,400 रुपये मूळ पगाराच्या लेव्हलवर (लेव्हल सहा). हवालदार 29,200 वर. सरकार पगार नायब सुभेदाराचा देतं, मग हुद्दा लिहायला काय जातं?

खंदक
कारण ती आर्थिक पदोन्नती आहे, हुद्द्याची नाही. योजनेतच पदनाम बदलणार नाही असं आहे. कॅडर कोर्स नाही, पदोन्नतीचा बोर्ड नाही, रिक्त जागा नाही. नेमप्लेटवर नायब सुभेदार लिहिणारे एमएसीपीवाले खऱ्या जेसीओचा अपमान करतात.

लेव्हल सहा
अपमान? जागा नाहीत म्हणून 24 वर्षं हवालदारकीत घासलेल्याला तुम्ही अपमान शिकवणार? 12 जून 2009 च्या पत्राने ऑनररी नायब सुभेदारी ही पेन्शनसाठी काल्पनिक बढती धरली ना? मानाला पैसा जोडता येतो, मग पैशाला मान का नाही? आणि 2017 च्या ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) आदेशातला तक्ता उघडा. ‘एमएसीपी नायब सुभेदार’ हा ऑनररीच्या शेजारी, सेमी-प्रायव्हेट वॉर्डात बसवलाय. तो शब्द सरकारनेच छापलाय, मी नाही.

खंदक
ईसीएचएसचा मुद्दा तुमचा, घ्या. वॉर्ड मिळाला, खांद्यावरचा स्टार नाही मिळाला.

लेव्हल सहा
स्टार कधीतरी उतरतोच साहेब. वॉर्ड मरेपर्यंत पुरतो.

पाटीवाला
नेमप्लेटचा विषय निघालाच आहे तर: ‘निवृत्त’ कंसात नावाच्या शेवटी. हुद्दा, नाव, मग निवृत्त. हुद्दा निवृत्त होत नाही, माणूस होतो. लग्नपत्रिका छापणाऱ्यांनो, कृपा करा. आणि ‘ऑनररी’ गाळून नुसतं ‘कॅप्टन’ लिहिणाऱ्यांबद्दल…

कागदपत्रे
पाटीवाले, वेगळा धागा काढा. पैशाचा हिशेब बाकी आहे. वाय गट (एक्स गटाचं जादा वेतन नसलेला), दोन्ही लेव्हलचा सुरुवातीचा पगार आणि 5,200 एमएसपी (लष्करी सेवा वेतन) धरा; पेन्शन या बेरजेच्या निम्मी. 29,200 अधिक 5,200, निम्मे 17,200. 35,400 अधिक 5,200, निम्मे 20,300. फरक 3,100, वर महागाई भत्ता. पण जो एमएसीपीने आधीच लेव्हल सहावर होता आणि शेवटी खरी बढती मिळाली, त्याला त्याच लेव्हलमध्ये नव्याने वेतननिश्चिती नाही. त्याच्या हुद्दा दुरुस्तीने पेन्शन एक रुपयाही हलणार नाही. तरी करावी, पण थकबाकीच्या आशेने वकील लावू नये.

कलम बावीस
‘सरळ ट्रिब्युनल गाठा’ हा सगळ्यात घातक सल्ला. 2007 च्या सशस्त्र दल न्यायाधिकरण कायद्यातलं कलम 21 सांगतं की आधी उपलब्ध दाद मागून झाली पाहिजे. कलम 22 प्रमाणे अंतिम आदेशापासून 6 महिने. निवेदनाला 6 महिने उत्तरच आलं नाही तर त्यापुढचे 6 महिने. उशीर माफ होतो, पण कारण द्यावं लागतं. पेन्शन दरमहा कमी पडतेय म्हणून चूक चालू मानली गेली, तरी सर्वोच्च न्यायालयाच्या तरसेम सिंग निकालानंतर (2008) थकबाकी साधारण दाखल करण्याआधीच्या 3 वर्षांपुरतीच. म्हणून पोच असलेला अर्ज आजच टाका. पोच न घेता हातोहात दिलेल्या अर्जाचा पुढे कोर्टात फारसा उपयोग नाही. स्पीड पोस्टची पावती आणि ट्रॅकिंगची छापील प्रत जपा.

बिनपगारी वकील
म्हणजे तीस वर्षं चूक सरकारची, भरपाई तीन वर्षांची. आणि मी म्हणत होतो तेव्हा मी भावनिक!

कलम बावीस
भावनिक आहातच. चुकीचे नाही.

खंदक
बरं, पुराव्याचं ओझं जवानावर टाकणं अन्याय आहे, लिहून देतो. पण ओझं त्याच्यावरच पडतं, म्हणून तर कागद मागा म्हणतोय.

कागदपत्रे
स्पर्श या पेन्शन पोर्टलवाल्यांसाठी एक: पोर्टलवर डेटा पडताळणीत हुद्दा चुकीचा दिसत असेल तर घाईने ‘मान्य’ दाबू नका. असहमती नोंदवून पार्ट टूची प्रत जोडा. नातवाने मोबाइलवर पटापट पुढे-पुढे दाबून चुकीचा हुद्दा कायम केला, तर पुढच्या प्रत्येक अर्जाला ‘आपणच पडताळलंय’ हे उत्तर तयार असतं. नातवाला चहा द्या, मोबाइल नका देऊ.

लेव्हल सहा
मूळ पोस्टवाल्याने अजून सांगितलेलं नाही तो तिघांपैकी कुठला.

खंदक
विचारलंय. त्याने ‘जय हिंद’ असं उत्तर दिलंय.